थेंबबाई आणि गुडघेवाले

थेंबबाई हे नाव तिला वॉर्डातल्या सिस्टरांनी ठेवलं, आणि तेही कौतुकाने नव्हे. वीस वर्षांपूर्वी, नवखी संशोधक असताना, ती हातात बारीक काचनळ्यांचा डबा घेऊन नवजात बाळांच्या कक्षात फिरायची आणि ज्या बाळाला कावीळ दिसेल त्याच्या टाचेतला रक्ताचा एक थेंब मागायची. बाळंतिणी तिला बघून बाळ कुशीत लपवायच्या. एका आजीने तर भर वॉर्डात विचारलं होतं, "तुला स्वतःचं रक्त नाही का गं?" थेंबबाईने निमूट आपलं बोट टोचून दाखवलं. आजीचं समाधान झालं नाही, पण थेंब मिळाला.

थेंब हवा होता पडताळ्यासाठी. बाळाच्या कपाळावर टेकवलं की कावीळ किती आहे ते सांगणारं एक छोटं यंत्र तेव्हा नवीन आलं होतं. टोचायला नको, रडारड नको, त्यामुळे सगळे खूश. थेंबबाईचा स्वभाव असा की सगळे खूश दिसले की तिच्या मनात शंकेची पाल चुकचुकायला लागते. यंत्र सांगतं तेच रक्त सांगतं का? दोन वर्षं तिने आधी कपाळ, मग टाच, पुन्हा कपाळ, पुन्हा टाच असा धोशा लावला. उत्तर निघालं ते दोन भागांत. बाळ दिव्याखाली ठेवलेलं नसेल, तर यंत्र खरं बोलतं. पण कावीळ उतरावी म्हणून बाळाला निळ्या दिव्याखाली ठेवलं, की दिवा आधी कातडीचा पिवळेपणा घालवतो आणि रक्तातला मागाहून. यंत्र बिचारं बाहेरचं बघतं आणि सगळं आलबेल असल्याचं सांगतं. म्हणून दिव्याखालच्या बाळाचं रक्तच तपासायचं, यंत्रावर विसंबायचं नाही. कारण कावीळ वाढत जाऊन मेंदूपर्यंत पोचली, तर ते मूल पुढे जन्मभर भोगतं.

हे सगळं तिने एका पेपरात, म्हणजे शोधनिबंधात, लिहिलं आणि एका बऱ्या मासिकाने तो छापला. पान तीनशे सतरा. त्या अंकाची प्रत तिने सासूबाईंना दाखवली तेव्हा त्या म्हणाल्या, "फोटो नाही का तुझा?"

आता संशोधकांच्या दुनियेची एक रीत सांगायला हवी, म्हणजे पुढचं कळेल. तुम्ही किती पेपर लिहिले हे एक, आणि इतरांनी आपल्या पेपरांत तुमच्या पेपराचा किती वेळा दाखला दिला हे दुसरं. या दाखल्याला सायटेशन म्हणतात. जेवढी सायटेशनं जास्त, तेवढा माणूस मोठा. कॉम्प्युटरवर तुमचं नाव घातलं की आकडा समोर येतो आणि त्या आकड्यावर नोकऱ्या, बढत्या, प्रयोगशाळा ठरतात. थेंबबाईच्या सहकाऱ्यांपैकी काहींच्या नावावर पेपरांची चळत होती. त्यातल्या निम्म्यांत ते पंधरा लेखकांपैकी अकरावे असत आणि पेपर कशावर आहे हे विचारलं तर विषय बदलत. थेंबबाईच्या सगळ्या पेपरांची यादी एका पानात मावायची. पण तो एक, कपाळ-टाचेचा, असा काही धावला की विचारू नका. आकडा चढत चढत चारशेच्या वर गेला. ती अधूनमधून कॉम्प्युटर उघडून तो बघायची, मनातल्या मनात सुखावायची आणि कामाला लागायची. ते चारशे पेपर उघडून वाचावेत असं मात्र तिला कधी सुचलं नाही.

यंदा विभागात प्राध्यापकाची जागा निघाली. थेंबबाईचं वय बघता ही शेवटची संधी होती. तिला खुर्चीचा सोस नव्हता असं मी म्हणणार नाही, थोडा होताच. पण त्या जागेबरोबर एक छोटी प्रयोगशाळा आणि हाताखाली दोन माणसं मिळणार होती, आणि तिच्या डोक्यात पुढचा अभ्यास कधीचा तयार होता. दिव्याखालच्या बाळाच्या कपाळाचा एक कोपरा पट्टीने झाकून ठेवला आणि यंत्र तिथेच टेकवलं तर? त्या कोपऱ्यावर दिवा पडलेलाच नाही, म्हणजे यंत्र फसणार नाही, आणि टोचणंही वाचेल. हे तपासायला तिला आयुष्यातली उरलेली सगळी नोकरी घालायची होती.

"अहो, चारशे!" विभागप्रमुख सर तिच्या अर्जावर बोट आपटून म्हणाले. "किती हॉस्पिटलांचे नियम तुमच्या या पेपरवर उभे आहेत, तेवढं ठळक लिहा. बाकी मी बघतो." सर तिच्याहून पाचेक वर्षांनी मोठे, आणि तिच्यावर त्यांचे उपकार होते. तिचा पेपर नवा असताना, त्याला काळं कुत्रं विचारत नव्हतं तेव्हा, सरांनी आपल्या एका मोठ्या आढावा-लेखात त्याचा दाखला दिला होता. त्यानंतरच तिची नोकरी कायम झाली. ती हे विसरली नव्हती.

अर्ज गेला. मुलाखतीला दीड-दोन महिने होते.

मध्यंतरी एका सकाळी ती विद्यार्थ्यांना घेऊन वॉर्डात गेली. हल्ली तिचं वॉर्डात जाणं शिकवण्यापुरतंच होतं. कोपऱ्यातल्या निळ्या दिव्याखाली एक बाळ डोळ्यांवर पट्टी बांधून पडलं होतं. बाळ सुस्त होतं. दूध नीट ओढत नाही, असं त्याची आई सिस्टरला सांगत होती.

"रक्त पाठवलंय का?" थेंबबाईने विचारलं.

"नाही मॅडम," निवासी डॉक्टर म्हणाली. हुशार मुलगी, कामाला वाघ. "यंत्रावर खूप कमी आलंय. आज दिवाही काढणार आहोत."

"दिव्याखालचं बाळ आहे. रक्त पाठव."

"मॅडम, आता गरज नसते. नवीन तक्त्यात आहे." मुलीने भिंतीकडे बोट दाखवलं आणि अगदी आदराने पुढे म्हणाली, "आणि हे तर तुमच्याच पेपरवरून घेतलंय."

थेंबबाई भिंतीपाशी गेली. डॉक्टरांच्या संघटनेने काढलेला, गुळगुळीत कागदावरचा रंगीत तक्ता होता तो. बाळाची कावीळ यंत्राने मोजा, दिव्याखाली असतानाही यंत्र पुरेसं आहे, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. आणि तळाशी बारीक अक्षरांत तिचं नाव. तिला तोंडात मारल्यासारखं झालं.

तिने स्वतः टाच पुसली, स्वतः थेंब घेतला. तासाभरात आकडा आला तो यंत्राच्या आकड्याच्या जवळजवळ दुप्पट. मग धावाधाव झाली. बाळाभोवती आणखी दोन दिवे लावले, रक्त बदलायची तयारी करून ठेवली. ती वेळ आली नाही. दुसऱ्या दिवशी बाळ भुकेने किंचाळायला लागलं तेव्हा सगळ्या वॉर्डाच्या जिवात जीव आला. निवासी डॉक्टरचा चेहरा मात्र एवढासा झाला होता.

"मॅडम," तिने हळूच विचारलं, "म्हणजे तुमचा पेपर चुकला होता का?"

या प्रश्नाने थेंबबाईच्या अंगाचा तिळपापड झाला. मुलीवर नव्हे, ती बिचारी भिंतीवर लिहिलं तसं वागली होती. थेंबबाई तडक आपल्या खोलीत गेली, दार लावलं आणि त्या चारशेंतला पहिला पेपर उघडला. त्यात लिहिलं होतं, 'नवजात बाळाची कावीळ कपाळावरच्या यंत्राने खात्रीने मोजता येते,' आणि पुढे तिचं नाव. दिव्याचं नाव नाही. दुसरा उघडला, तेच वाक्य. तिसऱ्याने 'सर्व परिस्थितीत' एवढे दोन शब्द पदरचे घातले होते. पाचवा तर 'दिव्याखालीही' म्हणून मोकळा झाला होता. एकाने म्हटलं आणि बाकीच्यांनी री ओढली. जाता जाता जो तो आपली काहीतरी भर घालत गेला होता.

आणि मग तिला पान दिसलं. पेपराचा दाखला देताना शेवटी पान लिहायचं असतं. तिचा पेपर तीनशे सतराव्या पानावर. इथे लिहिलं होतं तीनशे एकाहत्तर. पुढच्यातही तीनशे एकाहत्तर. त्याच्या पुढच्यातही. घाईत लिहिताना एकाचे आकडे उलटेपालटे होऊ शकतात. पण शेकडो माणसांचा हात एकाच जागी, एकाच तऱ्हेने घसरतो कसा? तो घसरतच नाही. शेकडो माणसं पेपर न उघडता दुसऱ्याची यादी उतरवून घेतात, एवढाच त्याचा अर्थ.

ती ग्रंथालयात गेली, त्या वर्षाचा बांधीव खंड काढला आणि तीनशे एकाहत्तरावं पान उघडलं. तिथे म्हाताऱ्या माणसांच्या आखडलेल्या गुडघ्यांवर लेख होता.

संध्याकाळी घरी चहा घेताना तिने हे सांगितलं तेव्हा नवरा आधी हसत सुटला. तो शाळेत गणित शिकवायचा आणि नक्कल पकडण्यात त्याची हयात गेली होती. "अगं, माझी पोरं हेच करतात. उत्तर चुकलं तरी सगळ्यांचं सारखं चुकतं."

"तुझ्या पोरांच्या नकलेने कुणाचं बाळ मरत नाही," ती म्हणाली, आणि त्याचं हसू तिथेच थांबलं.

सासूबाईंनी कप खाली ठेवला. "त्या पानावर काय आहे म्हणालीस?"

"म्हाताऱ्यांचे गुडघे, आई."

"मग काय उपाय लिहिलाय तेवढं बघून ये. माझे दोन्ही गेलेत."

दुसऱ्या दिवशी तिने खरंच त्या लेखाची प्रत आणली आणि वाचून दाखवली. रोज थोडं चालावं, असा त्याचा सारांश होता. "हे सांगायला मासिक कशाला लागतं?" असं म्हणून सासूबाईंनी ती प्रत बाजूला सारली. पण त्या दिवसापासून घरात दोन शब्द रुजले. तीनशे एकाहत्तर लिहिणारे ते गुडघेवाले. आणि तीनशे सतरा लिहिणारे, म्हणजे ज्यांनी पेपर निदान उघडून पाहिला, ते कपाळवाले. थेंबबाईने सगळे चारशे चाळले. कपाळवाले तीसेक भरले. बाकीचे सगळे गुडघेवाले, आणि वर्षांच्या क्रमाने मागे मागे गेलं तर त्यांचा मूळ पुरुष निघाला विभागप्रमुख सरांचा तो आढावा-लेख.

तिने सरांसमोर त्यांचा लेख आणि आपला पेपर शेजारी शेजारी ठेवले. सरांनी चष्मा चढवला आणि दोन्हीकडची ती वाक्यं वाचली.

"सर, तुम्ही माझा पेपर वाचला होता का?"

"अहो, तुम्ही प्रत दिलीत, मी बॅगेत टाकली. लेख पाठवायची घाई होती." त्यांनी चष्मा काढला. "सारांशाची सुरुवात वाचली असणार. तुमचं भलं व्हावं म्हणून नाव घातलं मी."

"भलं झालंच, सर. पण त्याच वाक्यावरून निघालेल्या तक्त्याने परवा वॉर्डात एक बाळ जात होतं."

"हे बघा," सर आवाज खाली आणून म्हणाले, "तुमच्या पेपरात चूक नाही. वाचणाऱ्यांची आहे. तुम्ही का हात पोळून घेता? दोन महिने कळ काढा. आधी खुर्चीवर बसा, मग करा काय दुरुस्त्या करायच्या त्या. आत्ता आरडाओरडा केलात तर तुमचे चारशे जातील, आणि माझा तो लेखही. आपण दोघं एकाच फांदीवर बसलोय."

सल्ला व्यवहारी होता, हे थेंबबाईलाही पटलं. पटलं म्हणूनच तिला जास्त त्रास झाला. त्या खोलीपासून वॉर्डापर्यंतच्या जिन्यात तिने दोनदा थांबून विचार केला. प्रयोगशाळा डोळ्यांसमोर दिसत होती, खिडकीपाशी ठेवायचं टेबलसुद्धा तिने ठरवून टाकलं होतं. पण वॉर्डाचं दार उघडलं तर समोर तक्ता, आणि त्या दिवशी दिव्याखाली तीन बाळं होती. दोन महिन्यांत अशा किती वॉर्डांतून किती बाळं जातील याचा हिशेब तिला करवेना. तिने सिस्टरकडून जाड पेन मागून घेतलं आणि तक्त्यावर आडव्या अक्षरांत लिहिलं, 'दिव्याखालच्या बाळाचं रक्तच तपासा.' सिस्टर म्हणाली, "मॅडम, संघटनेचा तक्ता आहे, कुणी विचारलं तर?" "माझं नाव सांग," थेंबबाई म्हणाली, "तळाशी आहेच ते."

मग तिने पदर खोचला. रोज काम संपलं की ती एकेका गुडघेवाल्याला पत्र लिहायला बसायची. बहुतेकांनी कानावर हात ठेवले, उत्तरच पाठवलं नाही. एकाने लिहिलं, 'आपला पेपर आमच्या विषयातला मैलाचा दगड आहे, आपल्या पत्राने धन्य झालो,' आणि दुरुस्तीबद्दल अवाक्षर नाही. एका मोठ्या हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी तर कमाल केली. त्यांनी तिच्या पेपराचा सात लेखांत दाखला दिला होता आणि आता ते विचारत होते, 'आपल्या पेपराची प्रत पाठवाल का? आम्हाला तो कुठेच मिळत नाही.' तिने प्रत पाठवली. मासिकाने कळवलं की आपल्या पेपरात चूक नाही, सबब दुरुस्ती छापण्याचा प्रश्न उद्भवत नाही. संघटनेने कळवलं की तक्ता बदलायला छापील पुरावा लागेल. छापील पुरावा वीस वर्षांपूर्वीच दिला आहे, असं तिने उलट कळवलं. त्यावर कुणी काही कळवलं नाही.

"सोड आता," असं नवरा एकदा म्हणाला. तिने नुसतं पाहिलं. दुसऱ्या दिवसापासून तो पाकिटांवरचे पत्ते लिहायला शेजारी येऊन बसू लागला.

शेवटी तिने एकपानी टिपण लिहिलं. माझ्या पेपरात काय लिहिलं आहे, लोक काय लिहितात, आणि ते वाचून लिहीत नाहीत हे पानाच्या आकड्यावरून कसं दिसतं. सरांचं नाव तिने घातलं नाही. 'एका जुन्या आढाव्यात' एवढंच म्हटलं. मासिकाने यावेळी टिपण घेतलं, कदाचित गुडघ्यांमुळे संपादकालाही हसू आलं असेल. छापण्याआधी तिने प्रत सरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. सरांनी ती वाचली की नाही कोण जाणे. त्या दिवसापासून त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं. व्हरांड्यात समोरासमोर आले तरी ते हातातल्या फोनमध्ये बघत पुढे जायचे, आणि हे तिला फार लागलं.

मुलाखतीला समोर तिघे होते. अध्यक्षांनी अर्ज चाळला. "चारशेच्या वर! वा. तुमच्या कामाचा एवढा प्रभाव कशामुळे पडला, सांगाल?"

आपल्याला हे सोपं करून दिलंय, हे तिला कळलं. नुसतं हसून दोन वाक्यं बोलली असती तरी भागलं असतं.

"त्यातले तीसेक धरा, सर," ती म्हणाली. "बाकीचे वजा करा."

"म्हणजे?"

तिने सांगितलं. न चिडता, न अडखळता, पान तीनशे सतरापासून गुडघ्यांपर्यंत. अध्यक्षांच्या कपाळावर आठ्या पडल्या. दुसरे सदस्य मनापासून हसले. तिसऱ्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला आणि बराच वेळ पुसत राहिले. त्यांचं नाव यादीत कुठे आहे हे थेंबबाईला पाठ होतं, कारण त्यांनाही पत्र गेलं होतं. तिने त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"मग तुमच्या अर्जात राहिलं काय?" अध्यक्षांनी विचारलं.

"जे खरं आहे ते, सर. आणि पुढचा अभ्यास. कपाळाचा कोपरा झाकायचा."

जागा तिला मिळाली नाही. ती गेली चळतवाल्यांपैकी एकाला. निकाल कळला त्या दिवशी तिने घरी येऊन पर्स टाकली आणि सासूबाईंच्या खोलीत जाऊन रडली. चांगली मोठ्याने रडली. सासूबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या आणि निवड समितीच्या तिन्ही माणसांना नावं ठेवत राहिल्या, तीही चुकीची, कारण त्यांना ती माहीत नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी थेंबबाई वॉर्डात गेली. प्रयोगशाळा नव्हती, माणसं नव्हती. पण चिकटपट्टी वॉर्डातच होती, यंत्र होतं, आणि ती निवासी डॉक्टर आपली ड्यूटी संपल्यावर थांबायला तयार होती. पहिल्या बाळाच्या कपाळाचा कोपरा त्या दोघींनी मिळून झाकला.

टिपण छापून आलं. त्याचा आकडा बरेच महिने शून्यावर होता. थेंबबाई बघायची नाही असं ठरवायची आणि बघायचीच.

मग एका दुपारी तिथे एक उमटला.

ती दचकली. पुन्हा कुणीतरी न वाचता उतरवलं असणार, या भीतीनेच तिने ते उघडलं. ज्या मासिकात सरांचा आढावा-लेख आला होता, त्याच मासिकात आलेलं ते पत्र होतं. खाली सरांचं नाव. 'माझ्या लेखातलं काविळीच्या यंत्राबद्दलचं विधान मी मागे घेत आहे,' त्यांनी लिहिलं होतं. 'ज्या पेपराचा मी दाखला दिला तो मी तेव्हा वाचला नव्हता. आता वाचला आहे. लेखिकेने त्यात नेमकं उलट सांगितलं आहे. दिव्याखालच्या बाळाचं रक्तच तपासावं.' आणि खाली दोन दाखले, एक तिच्या टिपणाचा आणि एक जुन्या पेपराचा. संघटनेने या पत्रावरून तक्ता बदलायला घेतल्याचंही तिला त्याच आठवड्यात कळलं.

ती उठून सरांच्या खोलीपर्यंत गेली. दार लोटलेलं होतं. सर आत काहीतरी वाचत होते, मान वर न करता म्हणाले, "चांगला लिहिलाय हो पेपर. शेवटपर्यंत." ती "हो, सर" एवढंच म्हणू शकली.

घरी आल्यावर तिने सांगितलं, "आई, नव्या टिपणाला एक आलं."

सासूबाई गुडघ्यांना तेल चोळत होत्या. त्यांनी हात थांबवला. "एकच? गुडघेवाला की कपाळवाला?"

थेंबबाईने पत्राची प्रत पर्समधून काढली, शेवटच्या ओळीवर बोट ठेवलं आणि पानाचा आकडा त्यांना मोठ्याने वाचून दाखवला. "तीनशे सतरा."